‘घरगुती’ या शब्दावर माझी हरकत

आमच्या टेंपोच्या दर्शनी बाजूवर लाल रंगात चार शब्द रंगविलेले आहेत : ‘अस्सल मालवणी घरगुती जेवण’. पहिल्या दोन शब्दांविषयी माझी फारशी तक्रार नाही. मसाल्यातली बेडगी मिरची घाट चढून कर्नाटकातून आणावी लागते आणि कांदाही वरूनच येतो, तेव्हा ‘अस्सल’ या शब्दाची फार चौकशी कोणी करू नये इतकेच. चौथ्या शब्दाविषयी तर मुळीच तक्रार नाही. जेवण हे खरोखर जेवणच असते. माझा वाद आहे तो तिसऱ्या शब्दाशी. हा शब्द आमच्या टेंपोवरच आहे असेही नव्हे. मुंबईहून गोव्याकडे निघालात तर कणकवलीपासून पत्रादेवीच्या हद्दीपर्यंत दर दोन मैलांवर तो तुम्हांला भेटेल. खानावळीवर भेटेल, राहण्याच्या खोल्यांवर भेटेल, लोणच्याच्या बरणीवर आणि कोकमाच्या बाटलीवरही भेटेल. लोकांना तो आवडतो. मलाही एके काळी आवडत असे.

हा अंक हाती घेऊन आपण बसला असाल तेव्हा शेजारी चकलीची बशी असेलच. ती चकली कोणी केली, किती वाजता उठून केली, एवढे एकदा आठवावे आणि मग पुढे वाचावे. सणाचा याहून जास्त विरस मी करणार नाही. (करीन, पण थोडाच.)

आमचे गाव बांदा. तेरेखोल नदीच्या काठी, गोव्याच्या उंबरठ्यावर. माझे सासरे आठवड्याच्या बाजाराला हातगाडीवर काळ्या वाटाण्याची उसळ आणि भजी विकत. २०१० साली यांनी आणि धाकट्या दिरांनी मिळून जुना टेंपो घेतला. एका वेल्डराकडून त्याची एक बाजू वर उचलली जाईल अशी करून घेतली, आत पत्र्याचा ओटा, दोन शेगड्या आणि पाण्याची टाकी बसविली, आणि महामार्गाच्या कडेला धंदा सुरू झाला. या महामार्गाचा नंबर पूर्वी सतरा होता, आता सहासष्ट आहे. धूळ तीच आहे. टेंपोच्या पैशांत माझ्या चार बांगड्या होत्या आणि धाकट्या जावेचा हार होता. हे मी आताच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

गिऱ्हाइकाला काय दिसते? खिडकीत उभे असलेले आमचे हे दिसतात. हसतमुख, बोलण्यात गोड, डोक्याला रुमाल. कोंबडीच्या रश्शात पळी फिरवून ताट भरून देतात आणि वर ‘आणखी सोलकढी घ्या’ असा आग्रह करतात. २०२३ च्या जानेवारीत मोप्याचा विमानतळ सुरू झाल्यापासून इकडे वाहनांची वर्दळ वाढली. त्यांतून उतरणारी मंडळी म्हणतात, ‘काय हाताला चव आहे हो तुमच्या!’ हे लाजतात. पण तो हात फक्त वाढतो, हे सांगायला मी तिथे नसते. मी घरी असते, टेंपोपासून एका मैलावर, मागील दारच्या पडवीत.

आता त्या पडवीतला दिवस सांगते. रात्री झोपण्यापूर्वी काळे वाटाणे भिजत घालावयाचे. विसरले तर दुसऱ्या दिवशी उसळ नाही, कारण काळा वाटाणा मनधरणीला दाद देत नाही. वड्यांचे पीठ म्हणजे जाडसर तांदूळ, उडीद, चण्याची डाळ, धने, मेथी, बडीशेप. ते गिरणीवर उभे राहून हवे तसे रवाळ दळून आणावयाचे आणि कोमट पाण्यात मळून झाकून ठेवावयाचे. थंडीत ते उशिरा फुलते, मे महिन्यात लवकर आंबते. घड्याळ पाहून चालत नाही, बोट लावून पाहावे लागते. पहाटे चारला नारळ. सासूबाई आडाळ्यावर बसतात आणि वीस-पंचवीस नारळ खवतात. त्यांतला काही वाटपाला, काही सोलकढीच्या रसाला. वाटपासाठी कांदा आणि खोबरे तव्यावर काळपट तांबूस होईपर्यंत भाजावयाचे. चार भाजण्या झाल्या की पडवीभर असा धूर होतो की केसांतला वास गणपतीपासून शिमग्यापर्यंत जात नाही. सोलकढी तर सर्वांत नाजूक. नारळाचा रस एकदा काढून दिवसभर पुरवू म्हटले तर उन्हात दुपारपर्यंत तो नासतो. म्हणून सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, दोन वेळा पिळावा लागतो. गिऱ्हाईक जिला ‘ताजी’ म्हणते ती सोलकढी म्हणजे सासूबाईंच्या मनगटाने दुसऱ्यांदा केलेले काम. ते मनगट गेली तीन वर्षे संध्याकाळी सुजते.

हे झाले रोजचे. वर्षाचे वेगळे. एप्रिल-मेमध्ये मिरच्या, धने, दगडफूल, नागकेशर, जायपत्री वाळवून, भाजून, डंकावर कांडून वर्षाचा मसाला भरून ठेवावयाचा. त्याच दिवसांत रातांब्यांना मीठ लावून आगळ करावयाचे आणि साली उन्हात घालून सोले वाळवावयाची. पहिला वळीव केव्हा येईल याचा नेम नसतो, म्हणून अंगणात एक डोळा आभाळाकडे ठेवूनच वावरावे लागते. जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते, तेव्हा बांगडा-सुरमईच्या जागी दुसरे काय द्यावयाचे याची योजना मे महिन्यातच करावी लागते. आणि चतुर्थीला चाकरमानी येतात तेव्हा टेंपोसमोर रांग लागते आणि नेमका त्याच वेळी घरात गणपती असतो, नैवेद्य असतो, पाहुणे असतात. त्या दिवसांत मी किती वाजता झोपते हे मला स्वतःलाच सांगता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टात नदीचे पाणी बाजारपेठेत शिरले त्या पावसात आमची पडवीही भिजली आणि मसाल्याच्या दोन बरण्या गेल्या. टेंपोचे काहीच बिघडले नाही. म्हणून त्या वर्षी सगळ्यांना सांगण्यात आले की आमचे नुकसान झाले नाही.

या सगळ्याला टेंपोवर एकच शब्द आहे. ‘घरगुती’.

तुम्ही म्हणाल, मग बिघडले कुठे? बाई, तुमच्या कामाचेच तर ते कौतुक आहे! मीही कित्येक वर्षे असेच समजत होते. माझे डोळे उघडले ते एका मुलामुळे. आमच्याकडे भांडी घासावयाला आणि पाणी भरावयाला शेजारच्या वाडीतला एक मुलगा येतो. चांगला आहे, कामसू आहे. दुपारी दोनला येतो, रात्री दहाला जातो, आणि जाताना चारशे रुपये घेऊन जातो. जो दिवस तो येत नाही त्या दिवशी ती भांडी मी घासते. परात तीच, राख तीच, तेलकटपणाही तोच. एकदा रात्री ती परात घासता घासता माझ्या मनात आले की आज हे चारशे रुपये कुठे गेले? मुलाला दिले नाहीत; मला दिले नाहीत; गल्ल्यात जास्तही दिसले नाहीत, कारण त्या रात्री हिशेबात ‘मजुरी : काही नाही’ असे लिहून हे झोपी गेले. एकच काम, परक्या हाताने केले तर ती मजुरी, घरच्या हाताने केले तर ‘काही नाही’. ‘घरगुती’ या शब्दाचा अर्थ मला त्या रात्री कळला. त्याचा अर्थ बिनपगारी.

पुढे टेंपोच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढण्याचा प्रसंग आला. जामीनदार म्हणून माझी सही हवी होती. फॉर्ममध्ये ‘व्यवसाय’ या शब्दापुढे रकाना होता. यांनी माझ्याकडे न पाहता तिथे ‘गृहिणी’ लिहिले आणि फॉर्म माझ्याकडे सरकविला. मी सही केली. कर्ज बुडाले असते तर ते भरावयाला मी व्यावसायिक होते. एरवी मात्र गृहिणी.

सरकारची पद्धत याहून थोडी बरी आहे, पण थोडीच. देशातल्या रोजगाराची जी मोठी पाहणी होते तिच्यात प्रत्येक माणसाला कामाप्रमाणे एक क्रमांक देतात. स्वतःचा धंदा स्वतः करणारा तो अकरा. घरच्या धंद्यात मदत करणारा आणि वेतन न घेणारा तो एकवीस. म्हणजे आमचे हे अकरा आणि मी, सासूबाई आणि धाकटी अशा आम्ही तिघी एकवीस. क्रमांक मिळाला याचा मला आनंदच आहे. निदान कोणीतरी मोजले. पण ‘मदत’ हा शब्द पाहा. वाटण मी करते, पीठ मी मळते, मसाला मी भरते, आणि मदतही मीच करते! मग मुख्य काम कोणते? खिडकीत उभे राहणे?

त्याच सरकारने लोकांचा वेळ कसा जातो याचीही पाहणी केली आहे. २०२४ च्या पाहणीप्रमाणे घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालविते. घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटे. (ही ८८ मिनिटे कोणत्या गावात जातात, तो पत्ता मिळाल्यास मी जाऊन पाहून येईन.) पण या पाहणीत घरचे काम एका रकान्यात आणि धंद्याचे काम दुसऱ्या रकान्यात मांडतात. आमच्या पडवीत कोणी पाहणी करावयास आलाच तर त्याची कीव येईल. नारळ एक, आडाळो एक, बसलेली म्हातारी एक. अर्धी कवड घरच्या आमटीला गेली आणि अर्धी टेंपोच्या रश्शाला. सांगा आता, कितवे मिनिट कुठल्या रकान्यात? रकान्यांच्या या सांदीतच आमचे दिवस पडतात आणि दिसेनासे होतात.

माझ्या म्हणण्यावर घेतले जाणारे आक्षेप मला पाठ झाले आहेत. पहिला आक्षेप यांचाच. मी पगाराची गोष्ट काढली तेव्हा हे हसून म्हणाले, “गे, घरातल्या घरात पगार कसलो?” सासूबाई तर माझ्यापेक्षा यांच्याच बाजूच्या. म्हणाल्या, “माका पगार? आणि तो खर्चूक मी खय जातलंय गे?” सगळे हसले, मीही हसले. पण रात्री विचार केला की म्हातारीने विनोद केला नाही, वस्तुस्थिती सांगितली. साठ वर्षे काम करून जिला कुठे जाता येत नाही, तिला पैसे कशाला लागणार?

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा. प्रेमाने केलेल्या कामाला मोल लावू नये, आईच्या हातचे जेवण तराजूत घालू नये. किती सुंदर बोलतात ही माणसे! मला एवढेच विचारावयाचे आहे की ते प्रेम तुमच्यावर कसे? मुलाबाळांसाठी मी रांधले ते प्रेमाने रांधले, त्याचा हिशेब मी जन्मात मागणार नाही. पण पुण्याहून मोटारीने आलेला, ज्याचे नाव मला माहीत नाही, जो जेवून हात पुसून गोव्याला निघून जातो, त्याच्यावर मी रोज पहाटे चारला उठून प्रेम करते अशी कोणाची समजूत असेल तर ती मी सभ्यपणे नाकारते. तो गिऱ्हाईक आहे. त्याने पैसे दिले आहेत. त्या पैशांत डिझेलवाल्याचा वाटा आहे, गॅसवाल्याचा आहे, कोंबडीवाल्याचा आहे, भांडीवाल्या मुलाचा आहे. प्रेमाची वेळ फक्त आमच्या वाट्याशीच का येते?

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे आणि त्याला उत्तर देणे मला सर्वांत जड जाते. ‘डबा एकच आहे ना? सगळे घरातच येते. मग तुझे-माझे कशाला?’ हे वाक्य मी स्वतः दुसऱ्या बाईला ऐकविले आहे.

ती बाई म्हणजे माझी धाकटी जाऊ. टेंपो आला त्याच वर्षी ती लग्न होऊन घरात आली. बारा वर्षे आम्ही दोघींनी त्या पडवीत जोडीने काम केले. मसाल्यात तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी आज कबूल करते. तेव्हा केले नव्हते. २०२२ साली दीर अचानक गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर तिने एके दिवशी, मोठ्या माणसांसमोर, पदर सावरून विचारले की टेंपोत माझे काय आहे? घरात शांतता झाली. टेंपोचे पुस्तक यांच्या नावावर. बँकेचे खाते यांच्या नावावर. टेंपोत चिकटविलेल्या अन्नपरवान्यावर फोटो यांचा. दिरांचे नाव कुठेच नव्हते, कारण भावाभावांत कागद कशाला? आणि जिथे दिरांचेच नाव नाही तिथे तिचे कुठले असणार? हे वाईट नाहीत. हे म्हणाले, तुला कोणी जा म्हटले आहे का, रहा, खाऊन-पिऊन रहा. ती म्हणाली, खाण्यापिण्याचे विचारले नाही, बारा वर्षांचे विचारले. त्यावर कोणीच काही बोलले नाही, कारण बारा वर्षांचा आकडा कोणापाशीच नव्हता. कोणी लिहिलाच नव्हता. आणि तेव्हा, वाचकहो, मी म्हणाले, ‘डबा एकच आहे ना? तुझे-माझे कशाला?’

ती दोडामार्गाकडे माहेरी गेली. जाताना हार मागितला नाही. दारात थांबून एवढेच म्हणाली, “वयनी, मसालो संपलो काय कळव. मी करून धाडतंय.” तो मसाला संपला तेव्हा मी तिला कळविले नाही, लाज वाटली.

यानंतर मी कायदे वाचावयास लागले. रस्त्यावर विक्री करणाऱ्यांसाठी २०१४ साली केंद्राने कायदा केला. चांगला कायदा आहे. विक्रेत्यांच्या समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांनीच निवडावयाच्या आणि त्यांतल्या एकतृतीयांश बायकांच्या, असेही त्यात आहे. पण तो शहरांचा, नगरपालिका आणि नगरपंचायतींचा. आमच्यासारख्या ग्रामपंचायतीच्या गावाला त्याचा वारा तेवढा लागतो. तरी मी तो उत्सुकतेने वाचला. विक्रेत्याने धंदा स्वतः करावा किंवा कुटुंबातल्या माणसाकडून करवून घ्यावा, असे त्यात आहे. आणि विक्रेता मेला, कायमचा अपंग झाला किंवा आजारी पडला तर त्याच्या जागी प्रथम त्याच्या जोडीदाराने उभे राहावे. म्हणजे कायद्याला बायको ठाऊक आहे! ती कुटुंबातली माणूस म्हणून ठाऊक आहे, नवऱ्याच्या पश्चात ठाऊक आहे; त्याच्या शेजारी बरोबरीची धंदेवाली म्हणून मात्र तिची ओळख नाही. २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका मोटार अपघाताच्या खटल्यात गृहिणीच्या श्रमाचे उत्पन्न धरून भरपाई दिली पाहिजे असे स्पष्ट सांगितले. न्यायमूर्तींचे उपकार आहेत. पण हे ऐकून मी यांना म्हणाले की माझ्या कामाची किंमत ठरावी म्हणून मी महामार्गावर जाऊन उभी राहू का? हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

कोणी म्हणेल की ही हल्लीची खुळे आहेत. पूर्वीच्या बायका असे काही मागत नव्हत्या. पूर्वीचे म्हणाल तर आमच्या गावापुरते सांगते. १९५५ च्या पंधरा ऑगस्टला गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रही या बाजूने पत्रादेवीच्या हद्दीवर गेले आणि पोर्तुगिजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तिथे हुतात्म्यांचे स्मारक आहे. जाता-येता आम्ही हात जोडतो. आमच्या घरातल्या जुन्या बायका सांगत की त्या दिवसांत गावातल्या चुली विझत नव्हत्या. भाकऱ्या कोणी भाजल्या त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत, आणि त्या बायकांनी ती मागितलीही नसती. तो त्यांचा देश होता, त्यांचे कार्य होते. मी त्या भाकरीचा हिशेब मागत नाही. पण त्याच लढ्यातली एक बाई पुढे काय करती झाली ते पाहा. प्रेमा पुरव मूळ गोव्याच्या. मुक्तिसंग्रामात त्यांनी भाग घेतला आणि त्यांच्या पायाला गोळी लागली. पुढे मुंबईच्या गिरणगावात त्यांनी पाहिले की कोकणातून एकटे आलेले गिरणी कामगार ज्या बायकांच्या घरी जेवतात, त्या खानावळवाल्या बायका पहाटेपासून रात्रीपर्यंत रांधतात, वाण्याकडून उधारीवर माल उचलतात, व्याजात बुडतात आणि मंगळसूत्र गहाण टाकतात. त्याही ‘घरगुती’च होत्या. घरातच दहा-वीस माणसे जेवावयाला घालीत. मग ती धंदेवाली कशी म्हणावयाची? १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले, बायकांनी एकमेकींची हमी घेतली आणि बँकेचे कर्ज त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळू लागले. नवऱ्याचे नाही, स्वतःचे नाव! काम तेच राहिले, चूल तीच राहिली, पण कागदावर बाई उमटली आणि वाण्याचे पाश ढिले झाले. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, जेवणारे गावोगाव परतले आणि खानावळींवर मोठे संकट आले. पण तोवर त्या बायकांना आपली संस्था होती.

शेतकऱ्यांचेही उदाहरण देता येईल. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायकांचे प्रचंड अधिवेशन भरले आणि पुढे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली : शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्यावा. शरद जोशींच्या इतर मतांविषयी कोणाचे काहीही म्हणणे असो. ज्या शेतकऱ्याला बांध कोरल्याचेही सहन होत नाही त्याने सात-बाऱ्यावर बायकोचे नाव चढवावे, ही गोष्ट लहान नव्हे. आणि इथे आम्ही मागत आहोत ते काय? एका गंजक्या टेंपोच्या पुस्तकात एक जास्तीचे नाव!

आता गिऱ्हाइकांना दोन शब्द. गेल्या वर्षी एक तरुण मंडळी टेंपोशी आली, मोबाईलवर चित्रीकरण केले, वडा तोडून त्यातली वाफ दाखविली आणि मग म्हणाली की घरगुती आहे म्हणूनच एवढे स्वस्त. हे ऐकून हे खूश झाले. मी मात्र त्या महिन्यात वही घातली. कोण किती वाजता उठले, काय केले, केव्हा सोडले, सगळे लिहिले. सव्वीस दिवस टेंपो लागला. माझे रोजचे सरासरी अकरा तास, सासूबाईंचे पाच. एकूण ४१६ तास. भांडीवाल्या मुलाचा दर तासाला पन्नास रुपये पडतो. आम्ही त्याच्यापेक्षा कुशल नाही असे धरून चालू. तरी २०,८०० रुपये होतात. त्या महिन्यात नऊशेच्या आसपास थाळ्या गेल्या. तेव्हा दर थाळीमागे तेवीस रुपये आम्ही दोघी सासू-सुना पदरचे घालीत होतो. तुम्ही खाल्लेली थाळी स्वस्त नव्हती; तिचे तेवीस रुपये दुसऱ्याने भरले होते. त्यातही घासाघीस करणारे असतात. ‘घरचेच तर आहे, वीस रुपये कमी करा.’ हॉटेलात पंख्याच्या वाऱ्याचेही पैसे देऊन येणारी माणसे ही!

हा आकडा मी यांच्यापुढे ठेवला तेव्हा हे चिडतील असे वाटले होते. चिडले नाहीत. बराच वेळ वहीकडे पाहत बसले, बेरीज दोनदा करून पाहिली, आणि म्हणाले की एवढे गल्ल्यात उरतच नाहीत. तेही खरेच होते. थाळी तेवीस रुपयांनी महाग केली तर पलीकडचा ‘घरगुती’ गिऱ्हाईक ओढून नेईल, कारण त्याच्याही पडवीत कोणीतरी फुकट बसलेली आहे. एकट्या दुकटीने दर वाढवून हे सुटणारे नाही, हे मला कळते. म्हणून मी दरापासून सुरुवात केली नाही. नावापासून केली. टेंपोचे पुस्तक, खाते, परवाना; या तिन्हींपैकी निदान एकावर आम्हां बायकांची नावे यावीत, आणि धाकटीची बारा वर्षे कुठेतरी आकड्यात मांडली जावीत. हे ‘बघू’ म्हणाले आहेत. या ‘बघू’ला आता सात महिने झाले.

दसऱ्याला थाळी दहा रुपयांनी वाढविली. चार गिऱ्हाइके कुरकुरली, एक गेले. त्या दहा रुपयांतले अर्धे एका वेगळ्या डब्यात पडतात. डब्याची किल्ली माझ्याकडे आहे. त्यातले पहिले हजार रुपये मी धाकटीला पाठविले. तिने ते परत पाठविले नाहीत, पण पोचल्याचे कळविलेही नाही. आठवड्याने एस्.टी.तून मसाल्याचा डबा आला.

लक्ष्मीपूजनाला टेंपोची नवी वही पुजावयाची आहे. दर वर्षी पहिल्या पानावर ‘श्री’ आणि खाली यांचे एकट्याचे नाव असे. यंदा मी ‘श्री’खाली चार नावे लिहिली आहेत, धाकटीचे धरून, आणि प्रत्येकीच्या नावाखाली तासांचा रकाना आखला आहे. यांनी पाहिले, खोडले नाही. सासूबाईंना अक्षरे लागत नाहीत, म्हणून काल रात्री त्यांना नमुन्यादाखल एका दिवसाचे वाचून दाखविले : पीठ, वाटप, दुपारचा रस. पगाराला हसणारी म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. मला वाटले झोप लागली. तोच सुजलेला हात पुढे करून तिने वहीवर बोट आपटले.

“नारळ खय लिवलंस? ते काय आपसूक खवले? फाटफटीचो येक तास लिव आधी.”